आमच्या घरातली जिवाणी

मी नववीत असताना परदेशातल्या दोन शिकल्यासवरल्या बायकांची अशी पक्की समजूत झाली होती, की आमच्या घरात जिवाणी नावाची एक मुलगी आहे आणि तिला आम्ही रोज सकाळी दोरीने विहिरीत सोडतो. या समजुतीला दुसरं कुणी नाही, मी एकटीच जबाबदार होते. आता सांगताना हसू येतं. तेव्हा मात्र माझा फिनलंडचा प्रवास त्या दोरीलाच लटकला होता.

निपाणीजवळच्या बोरगावच्या शिवारात आमचा मळा. ऊस, थोडी तंबाखू, दोन म्हशी आणि घराला लागून विहीर. घरात आप्पा म्हणजे माझे वडील, आई, मी आणि आप्पांची थोरली बहीण. तिला सगळं गाव आक्का म्हणतं, म्हणून मीही आक्काच म्हणते. आक्काला चिकोडीकडे दिलं होतं. नवरा लवकर गेला आणि ती माघारी आली, ती आमच्या घराचा कारभार हातात घेऊनच. येताना तिने सासरहून दोनच गोष्टी आणल्या, असं आई म्हणायची: राग आला की बोलायची कानडी आणि पाणी गाळायचं फडकं. दोन्ही रोज वापरात असायचं.

जैनांच्या घरी पाणी गाळून पितात हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याच्या पुढचं फारसं कुणाला ठाऊक नसतं. गाळून झालं की फडकं उलटं करायचं, त्यावर गाळलेलंच पाणी ओतून अडकलेले बारीक जीव भांड्यात उतरवून घ्यायचे आणि ज्या विहिरीचं पाणी त्याच विहिरीत ते परत सोडायचे. जीव उतरवलेल्या या पाण्याला आमच्यात जिवाणी म्हणतात. जिवाणी वरून ओतायची नाही. तिच्यासाठी वेगळी छोटी बादली असते, बादलीच्या तळाला कडी आणि कडीला बांधून वरच्या दांडीत सैल अडकवलेली दोरी. बादली अलगद खाली सोडायची, पाण्याला टेकली की हलका हिसका द्यायचा, मग ती हळूच कलंडते आणि आतली मंडळी आपापल्या घरी जातात.

"वरनं वतलं तर मरत्यात ती," आक्का म्हणायची. "तुला कुणी माडीवरनं खाली वतलं तर चालंल व्हय?"

गावात नळ येऊन किती वर्षं झाली, पण आक्का नळाच्या पाण्याला तोंड लावत नाही. तिचा प्रश्न बिनतोड असतो. "नळाच्या पाण्याची जिवाणी कुठं सोडायची? नळात?"

हे सगळं पुण्याचं काम असेल, पण सकाळी दोरी धरायला मी लागायचे आणि माझी निपाणीची साडेसातची बस चुकायची. एकदा अशीच बस चुकली. माझं डोकं फिरलं. मुळात ते फिरायला फार काही लागत नाही. मी ओरडले, "आक्का, त्या फडक्यात काय बी नसतंय! उगंच आपलं!"

आक्का शांतपणे म्हणाली, "डोळं हायत का बटणं?"

त्याच आठवड्यात शाळेत आमच्या विज्ञानाच्या सरांनी एक फॉर्म आणला. सर खानापूरकडचे, गुंजीच्या शेतकरी घरातले. कुठे स्पर्धा, शिबिर, शिष्यवृत्ती निघाली की त्यांच्या चेहऱ्यावर तेज यायचं आणि आमच्यावर फॉर्म कोसळायचे. हा फॉर्म जरा वेगळा होता. हायस्कूलच्या मुलांना परदेशातल्या शास्त्रज्ञाशी जोडून द्यायचं, वर्षभर इंटरनेटवरून मार्गदर्शन, आणि शेवटी निवडक मुलांना तीन आठवडे त्यांच्या प्रयोगशाळेत न्यायचं, सगळा खर्च त्यांचा. 'येणाऱ्या भाषा' या रकान्यात मी मराठी, कानडी, हिंदी, इंग्रजी अशा चार भाषा लिहिल्या आणि एकदम श्रीमंत झाल्यासारखं वाटलं. मग पुढचा रकाना आला: 'तुमच्या परिसरातला असा एक प्रश्न लिहा, ज्याचं उत्तर तुम्हाला हवं आहे.'

वर्गातल्या इतरांनी मंगळ, सौरऊर्जा, प्लास्टिक असे भारदस्त प्रश्न लिहिले. मी चिडलेलीच होते. मी लिहिलं, 'माझ्या आत्याच्या फडक्यात खरंच काही असतं का?' हेतू विज्ञानाचा नव्हता. आक्काला एकदा तोंडावर पाडायचं होतं, एवढंच.

आणि मंगळवाले राहिले बाजूला, निवड माझी झाली.

माझ्या मार्गदर्शक म्हणून मिळाल्या त्या फिनलंडमधल्या तळ्यांचा अभ्यास करणाऱ्या एक बाई. सूचनापत्रात लिहिलं होतं, की मार्गदर्शकांना त्यांच्या नावानेच हाक मारावी. छत्तीस-सदतीस वर्षांच्या शास्त्रज्ञ बाईला नावाने हाक मारायला माझी जीभ वळेना. पहिल्या पत्रात मी 'रिस्पेक्टेड मॅडम' लिहिलं आणि शेवटच्या पत्रापर्यंत ते तसंच राहिलं. आक्काने त्यांचं नाव परस्पर 'तळ्याची बाई' ठेवून टाकलं.

बाईंनी पोस्टाने एक पुठ्ठ्याचा, घडी घालून तयार करायचा सूक्ष्मदर्शक पाठवला. तो मोबाइलला चिकटवायचा आणि पडद्यावर बघायचं. पार्सल फोडताना मी मनातल्या मनात आक्काची फजिती रंगवत होते. फडक्यावरचं पाणी काचेच्या बशीत घेतलं, बशी काळ्या कागदावर ठेवली. आधी पांढरे ठिपके दिसले, झटके देत पळणारे. त्यातला एक थेंब भिंगाखाली घेतला. डोक्याच्या मध्यभागी एकच लाल डोळा, लांब मिशा आणि शेपटीच्या दोन्ही अंगांना अंड्यांच्या भरलेल्या पिशव्या. बाजारातून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन घरी निघालेली बाई कशी दिसते, अगदी तशी. ती नुसती जिवंत नव्हती, घाईत होती.

मी आक्काला हाक मारली. वाटलं, आता तरी ही चकित होईल. तिने पदराने हात पुसले, मोबाइल डोळ्यांपासून लांब धरला, नीट बघितलं आणि माझ्या हातात परत दिला.

"व्हय. मग? मी काय सांगत होतो?"

आमच्याकडे बायकाही 'मी सांगतो, मी जातो' असंच म्हणतात, त्यामुळे यात व्याकरण शोधू नये. मी हरले होते आणि हरल्यावर मला प्रथमच बरं वाटत होतं.

मग आक्काशी करार झाला. रोज सकाळी जिवाणी मला मिळणार, पण जरा वेळच. "मोज, बघ आन सोड. ऊन चढायच्या आत माज्या विहिरीत सगळी परत पायजेत." एकही थेंब वाळवायचा नाही, एकाही जिवावर औषध घालायचं नाही. बाईंना हे कळवल्यावर त्यांनी लिहिलं, छान, जिवंत मोजणी अवघड असते, पण तुम्ही करून बघा. आम्ही नवं फडकं आणि जुनं फडकं यांची तुलना करायचं ठरवलं. जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं फडकंच जास्त जीव अडवतं, हे शोधायला मला चार महिने लागले. आक्का नवं फडकं वर्षभर धुतल्याशिवाय पाण्याला लावत नाही, हे मला जन्मापासून दिसत होतं. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

आता चूक कुठे झाली ते सांगते. रोजची नोंद इंग्रजीत लिहून बाईंना पाठवायची होती. जिवाणीला इंग्रजी शब्द सापडेना. शाळेच्या पुस्तकात जिवाणू होते, म्हणजे बॅक्टेरिया; पण जिवाणू वेगळे आणि जिवाणी वेगळी, एवढं मला समजत होतं. म्हणून मी शब्द तसाच ठेवला. सरांनी शिकवलं होतं, की शास्त्रीय नावाचं पहिलं अक्षर नेहमी मोठं काढायचं. हा शब्द मला पुरेसा शास्त्रीय वाटला, म्हणून मी त्याला मोठा 'जे' लावला. आणि मराठीत जिवाणी ती, म्हणून इंग्रजीत झाली 'शी'. आयुष्यभर स्वतःला 'मी जातो' म्हणणाऱ्या मुलीने जिवाणीला मात्र अगदी शुद्ध स्त्रीलिंगी करून टाकलं.

त्या नोंदी अजून माझ्याकडे आहेत. मराठीत सांगायचं तर त्या अशा: 'आज जिवाणी उशिरा, आक्काला ताप होता.' 'जिवाणीला उन्हात ठेवायचं नाही.' 'जिवाणीला दोरीने विहिरीत सोडलं, सात वाजून पाच मिनिटं.' आणि एका दिवशी, मार्गदर्शक बाईंना पद्धत नीट कळावी म्हणून मी मोठ्या उत्साहाने लिहिलं होतं: 'तिला वरून टाकून चालत नाही, ती मरेल. म्हणून आत्या तिला हळूहळू खाली सोडते.'

महिन्यातून एकदा मोबाइलवर आमचं समोरासमोर बोलणं व्हायचं. त्यांचे उच्चार मला अर्धे कळायचे आणि उरलेल्या अर्ध्याला मी 'येस मॅडम' म्हणायचे. अशाच एका शनिवारी त्यांनी काळजीच्या सुरात विचारलं, "जिवाणी कशी आहे?" मला वाटलं, किती आस्था आहे बाईंना! मी म्हटलं, "थंडीत कमी झाली आहे, मॅडम." त्यांनी मग विचारलं, "ती तुझ्याबरोबर शाळेत येते का?" मला हसू आलं. मी म्हटलं, "नो मॅडम, ती विहिरीतच राहते."

त्यानंतर बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मला वाटलं, नेटवर्क गेलं.

दरम्यान घरी वेगळंच चाललं होतं. तीन आठवडे फिनलंडला जायच्या संभाव्य यादीत माझं नाव आल्याचं सरांनी सांगितलं आणि मला रात्रंदिवस दुसरं काही सुचेना. बोरगावची मुलगी बेळगावला शिकायला गेली तरी चार घरांत चर्चा होते, ही तर विमानाने जाणार होती. मला जायचं होतं. एखाद्या गोष्टीसाठी माझा जीव एवढा कधीच तुटला नव्हता. आप्पांनी हात वर केले. "आक्का हो म्हटली तर मला काय न्हाय." आणि आक्का म्हणाली, "बाई कशी हाय ते बघितल्याबिगर मी पोर पाठवत न्हाय."

"अगं, ती शास्त्रज्ञ हाय. लई मोठी हाय."

"मोठी असंना. कशी हाय ते बघतो."

मी आणखी तोंड उघडलं तशी आक्का कानडीत गेली. "सुम्न कुंद्र." म्हणजे गप्प बस. कानडी आली की विषय संपला, हे घरातल्या म्हशींनाही माहीत होतं.

फेब्रुवारीत एका सकाळी सरांनी मला वर्गातून बाहेर बोलावलं. चेहरा पांढराफटक. हातात छापून आणलेली एक मेल. त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि हळू आवाजात विचारलं, "खरं सांग. ही जिवाणी कोण गं तुमच्या घरातली?"

मी म्हटलं, "कोण म्हंजे? जिवाणी, सर."

"किती वर्षांची आहे?"

मला प्रश्नच समजेना. मग त्यांनी मेल वाचून दाखवली. त्या कार्यक्रमात मुलांच्या सुरक्षिततेचं बघणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी लिहिलं होतं, की एका अल्पवयीन मुलीला दररोज दोरीने विहिरीत उतरवलं जातं असं नोंदींवरून दिसतं, ती शाळेत जात नाही असंही कळतं, हा अत्यंत गंभीर प्रकार आहे, आणि खुलासा होईपर्यंत विद्यार्थिनीची निवड थांबवण्यात येत आहे. सर गुंजीकडचे, जैन नाहीत. त्यांनी जिवाणी हा शब्द जन्मात ऐकला नव्हता. माझ्या नोंदींवर दर महिन्याला न वाचता सही करत आले होते, ते आता त्यांना आठवत होतं.

मी सगळं सांगितलं. सरांनी आधी कपाळावर हात मारला, मग भिंतीला टेकून हसले, आणि मग हसता हसता एकदम गंभीर झाले. "हे आता इंग्रजीत कसं सांगायचं गं?"

सांगण्यापेक्षा दाखवायचं ठरलं. गाळलेलं पाणी दोन घटकांच्या, म्हणजे पाऊण तासाच्या वर चालत नाही, म्हणून आक्का दुपारीही गाळते. दुपारी अडीच ही वेळ ठरली, तेव्हा तिकडे सकाळचे अकरा. सर मोटारसायकलवरून आमच्या मळ्यात आले, इस्त्रीचा शर्ट घालून. आप्पांनी मोबाइल धरला. पडद्यावर दोन बाया होत्या: तळ्याची बाई, आणि शेजारी ती सुरक्षिततेची बाई, वही-पेन घेऊन. आक्काला आम्ही बजावलं होतं, की तू मधे बोलू नकोस. ती विहिरीच्या कठड्याशी आपलं फडकं घेऊन बसली होती आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून पडद्याकडे बघत होती.

सरांनी पाठ केलेलं पहिलं वाक्य म्हटलं, "जिवाणी इज नॉट अ गर्ल. जिवाणी इज अ वॉटर."

वही-पेनवाल्या बाई म्हणाल्या, "ठीक आहे. पण आम्हाला तिला बघता येईल का?"

मला राहवेना. मी आप्पांचा हात धरून मोबाइल सरळ आक्काकडे वळवला. आक्काने पाणी गाळलं. फडकं उलटं केलं, जीव बादलीत उतरवले, दोरी सोडली. बादली संथ खाली गेली, पाण्याला टेकली, आक्काने मनगटाला तो एवढासा हिसका दिला आणि बादली कुशीवर वळली. मग पडद्यावर वही-पेनवाल्या बाईंनी पेन खाली ठेवलं, आणि तळ्याची बाई तोंडावर हात ठेवून इतकी हसली, इतकी हसली, की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. "म्हणजे ही जिवाणी!" ती म्हणाली. "किती सुंदर आहे ती!"

"वॉटर इज ब्युटिफुल," सर घाईने म्हणाले. ते अजून कुठलाच धोका पत्करायला तयार नव्हते.

सगळं मिटलं होतं. वही मिटली होती. मी सुटकेचा श्वास घेतला, तोच आक्का दोरी गुंडाळता गुंडाळता म्हणाली, "तिला एक इचार."

"आक्का, ऱ्हाऊ दे की."

"इचार म्हणतो न्हवं. तळ्यातलं पाणी काढून त्यातलं जीव मोजती म्हणं ती. मोजून झाल्यावर सोडती कुठं?"

मी विचारलं. दुसरं काय करणार? तळ्याच्या बाईचं हसू हळूहळू ओसरलं. तिने मान खाली घातली. मग सोप्या शब्दांत, मला समजेल असं सावकाश तिने सांगितलं: आम्ही सोडत नाही. ते मद्यार्कात घालतो, म्हणजे ते मरतात आणि टिकतात. उरलेलं पाणी बेसिनमध्ये जातं. इतकी वर्षं हे काम करते आहे, पण हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. तिला सांग, की मी सोडत नाही.

मी आक्काकडे वळले. माझ्या डोळ्यांसमोर विमान होतं, तळी होती, तीन आठवडे होते. आणि समोर आक्का होती, दोरी हातात घेऊन वाट बघत.

"सोडत्यात म्हणं," मी म्हटलं. "परत त्याच तळ्यात."

तिथे दोन्ही भाषा नीट कळणारा माझ्याशिवाय एकच माणूस होता. सरांनी माझ्याकडे बघितलं, चष्मा काढला आणि तो बराच वेळ पुसत राहिले.

आक्का म्हणाली, "बरं." आणि संध्याकाळी दिवस मावळायच्या आत जेवायला बसलो, तेव्हा आप्पांना म्हणाली, "जाऊ दे हिला."

मे महिन्यात मी गेले. निघताना आक्काने एकच बजावलं, दिवस मावळायच्या आत जेवत जा. तिकडे मे महिन्यात सूर्य रात्री दहा वाजले तरी मावळायचं नाव घेत नाही, हे तिला मी सांगितलं नाही. साडेनवाला बिस्किटं खाताना पोट आणि पुण्य दोन्ही भरत होतं. बाकी सगळं अगदी हवं तसं होतं. पाणी एवढं, की आमचा अख्खा तालुका त्यात बुडाला असता. खरा सूक्ष्मदर्शक होता, त्यातून माझी ती एकडोळी बाई मिश्यांसकट भिंतीएवढी दिसली. बाईंना समोरासमोरही मी मॅडमच म्हणत होते.

पण पहिल्याच दिवशी प्रयोगशाळेच्या फळ्यांवर मी त्या बाटल्या बघितल्या. ओळीने लावलेल्या, प्रत्येकीवर तळ्याचं नाव, तारीख, आणि आत तळाशी बसलेला पांढरा गाळ. गाळ कसला आहे ते मला कळत होतं. दुपारी मोजणी झाली आणि उरलेलं पाणी घेऊन मी बेसिनकडे निघाले, तर बाईंनी मला थांबवलं. बेसिनच्या शेजारी एक लाल बादली होती. त्या दिवशी कामाला न लागलेलं जिवंत पाणी त्यांनी तिच्यात घेतलं, आणि संध्याकाळी आम्ही दोघी ते घेऊन काठावर गेलो. त्या गुडघ्यावर बसल्या आणि बादली पाण्याला टेकवून हळूच कलती केली.

"तुझ्या आत्याने विचारल्यापासून असं करते," त्या म्हणाल्या. "बाटल्यांचं मला काही करता येत नाही, ते माझं काम आहे. बादलीचं करता येतं." मग त्यांनी विचारलं, "मी सोडत नाही हे तू सांगितलंस, तेव्हा त्या काय म्हणाल्या?"

मी म्हटलं, "त्या 'बरं' म्हणाल्या." शब्द खरा होता. बाकी सगळं खोटं होतं. मला त्या काठावर इतकी लाज वाटली, की तिकडची थंडीही जाणवेना. ज्यांना खोटं बोलून सुटता आलं असतं त्या खरं बोलल्या होत्या, आणि ते खरं मी मधल्या मधे गिळलं होतं.

परत आले तेव्हा बाईंनी आक्कासाठी दिलेलं एक जाड सुती फडकं बरोबर होतं. आक्काने ते हाताने चाचपलं, उजेडात धरलं. "चांगलं हाय. पर नवं हाय. वरीसभर धुवावं लागंल." दुसऱ्या दिवशी सकाळी मी न बोलावता विहिरीवर गेले. बस नव्हती, शाळा नव्हती, कसलं निमित्त नव्हतं. आक्काने फडकं उलटं केलं. मी दोरी धरली आणि सगळं सांगून टाकलं. बाटल्या, बेसिन, मद्यार्क. तळ्याची बाई काय म्हणाली होती आणि मी काय सांगितलं होतं. मला वाटलं, आता कानडी येणार.

आक्काने बादलीकडे बघत म्हटलं, "ठाव हाय मला."

"काय ठाव हाय?"

"सोडत न्हाय ते. तिनं मान खाली घातली तवाच कळालं. त्याला इंग्रजी कशाला लागतंय?"

"मग मला जाऊ का दिलीस?"

"तू खोटं बोललीस, ते तुजं. पर त्या बाईला लाज वाटली. ज्याला लाज वाटती त्याच्याकडं पोर पाठवायला भ्या न्हाय." बादली पाण्याला टेकली. आक्काने माझ्या हातावर हात ठेवून हिसका देऊ दिला नाही. "थांब. आदी नीट टेकू दे." मग तिने हात काढून घेतला आणि माझ्याकडे बघितलं. "आन तुला वाटली का न्हाय लाज?"

"वाटली," मी म्हटलं. "लई वाटली."

"मग सोड आता," आक्का म्हणाली, आणि मी दोरीला हिसका दिला.